तुळसाबाईच्या सहा सारख्या प्लेटा

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला सुनेनं जेवणाच्या टेबलावरचं पांढरं कापड ओढून काढलं, आणि तुळसाबाईनं तेव्हाच ओळखलं की आज भांडण होणार. ते कापड तिनं आदल्या दिवशी खळ घालून इस्त्री केलं होतं. चारी बाजूंना सारखं लोंबावं म्हणून वीत लावून मोजलं होतं. सुनेनं त्याची कशीबशी घडी घातली आणि खुर्चीवर टाकली.

"ह्ये काय चाललंय?"

"कापड नको आज, आई. लाकूड दिसू दे. टेबल कसं रिलॅक्स वाटलं पाहिजे. सहज बसल्यासारखं."

"लाकूड बघाय मान्सं वखारीत जात्यात. घरी जेवाय येत्यात."

प्रियदर्शनीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि टेबल पुसायला घेतलं. ती बारामतीतल्या एका कॉलेजात शिकवायची, आणि वर्गातल्या वात्रट पोरांकडं कसं दुर्लक्ष करायचं हे तिला चांगलं जमायचं. तीच युक्ती ती घरी सासूवर वापरायची. तुळसाबाईला उलट बोललेलं चाललं असतं. भांडायला दोन माणसं लागतात, आणि ही बया एक बाजू रिकामी ठेवून निघून जायची.

रविंद्र, म्हणजे तुळसाबाईचा एकुलता एक मुलगा, भिगवणला मासे आणायला गेला होता. मासे बारामतीतही मिळाले असते. पण पाहुणे जेवायला यायचे त्या दिवशी आपल्या घरातली हवा कशी असते हे त्याला ठाऊक होतं, आणि भिगवणला जाऊन यायला चांगला दीड-दोन तासांचा वेळ जातो.

पाहुणे चारच होते. प्रियदर्शनीच्या कॉलेजातल्या दोन मॅडम, मेहरीन आणि स्वरूपा, आणि दोघींचे नवरे. चार दिवसांपूर्वी चहा पिताना सून सहज म्हणून गेली होती, "स्वरूपा मॅडमचे वडील तुमच्या लासुर्ण्याच्या बाजूला कारखान्यात मोठे साहेब होते म्हणे." मग तिनं आडनाव सांगितलं. तुळसाबाई भाकरीचं पीठ मळत होती. तिचा हात पिठातच थांबला. "आसंल," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली. त्या दिवसाच्या भाकऱ्या सगळ्या जाड झाल्या.

त्याच साहेबांच्या बंगल्यावर कामाला तिनं बावीस वर्षं काढली होती.

तुळसाबाई कऱ्हाटीची. पाण्याची ओढाताण असलेल्या गावातली पोर लासुर्ण्यासारख्या कालव्याच्या गावात पडली म्हणून तिच्या आईला केवढा आनंद झाला होता. नवरा गंगाराम उसाच्या मळ्यावर पाणी द्यायचं काम करायचा. उसातल्या खुरपणीनं तुळसाबाईची बोटं कापली जायची, म्हणून कुणीतरी कारखान्याच्या वसाहतीतलं धुण्याभांड्याचं काम सुचवलं तेव्हा ती लगेच गेली. बाईसाहेबांनी तिला पायऱ्यांवर उभं करून नाव विचारलं. मग गाव विचारलं. मग आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर आत जाऊन न्हाणीघराजवळच्या खिडकीतली फळी मोकळी केली. "तुझं ताट इथं राहील," म्हणाल्या. आवाज अगदी गोड होता. सैपाकीण सारजा घरातल्याच स्टीलच्या ताटात जेवायची. तिचं आडनाव वेगळं होतं.

बाईसाहेबांचा एक नियम होता. टेबलावर प्लेटा नेहमी एका सेटच्या पाहिजेत. सेटमधल्या दोन-तीन फुटल्या की उरलेल्या टेबलावर यायच्या नाहीत; त्या सुट्या पडल्या. आणि सुटी पडलेली प्लेट न्हाणीघराच्या खिडकीत यायची. म्हणजे साहेबाच्या टेबलाला जे शोभत नाही ते तुळसाचं. गुलाबाच्या फुलांची एक होती, निळ्या वेलीची एक, एकीची सोनेरी कड घासून घासून गेली होती. चिनी मातीची उंची भांडी सगळी. ती खाली ओल्या फरशीवर बसून त्यात जेवायची आणि आपली आपण धुऊन परत खिडकीत ठेवायची. घरातली बाकी सगळी भांडीही तीच धुवायची. धुताना हात चालायचा. साहेबांच्या धाकट्या मुलीच्या दोन वेण्याही तीच घालायची. केसांत हात चालायचा. ताटाला तेवढा चालत नव्हता.

पुढं टेबल लावणारा गडी काम सोडून गेला, तेव्हा बाईसाहेबांना नाइलाजानं तुळसाच आठवली. तिनं ते काम असं उचललं की पुण्याहून येणारे पाहुणेही विचारायचे, टेबल कुणी लावलं म्हणून. प्लेट टेबलाच्या कडेपासून बोटाच्या एका पेरावर, चमचा उजवीकडे, पेला चमच्याच्या टोकाला. डोळे मिटून तिचा हात तिथंच जायचा. लावून झालं की ती मागं सरकायची आणि दाराशी हात बांधून उभी राहायची. मनात एकच गोष्ट घर करून बसली, आणि ती हावच होती, दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. आपल्या घरी सहा सारख्या प्लेटा असाव्यात. सहाच्या सहा, एका सेटच्या.

साहेब निवृत्त होऊन पुण्याला निघाले, त्या दिवशी बाईसाहेबांनी खिडकीकडं बोट दाखवलं. "त्या तुझ्याच आहेत. घेऊन जा." आठ प्लेटा होत्या. तुळसाबाईनं त्या गोणपाटात बांधून घरी आणल्या आणि माळ्यावर टाकल्या. गंगाराम गेला तेव्हाही त्या तिथंच होत्या, आणि रविंद्रनं भिगवण रस्त्याला नवं घर घेतलं तेव्हा इथल्या माळ्यावर आल्या. त्या फोडल्या नाहीत, वापरल्या नाहीत, कुणाला दिल्या नाहीत. का, असं विचारलं असतं तर ती म्हणाली असती, फोडाय येळ कुणाला हुता. माणूस ज्या वस्तूचा सगळ्यात जास्त राग करतो तीच कधीकधी जपून ठेवतो, आणि कारण त्याचं त्यालाच सांगता येत नाही.

सहा सारख्या प्लेटा मात्र तिनं घेतल्या. पांढऱ्या, बारीक हिरव्या कडेच्या. बारामतीतल्या दुकानात प्रत्येक प्लेट उजेडाकडं धरून, नखानं वाजवून घेतल्या. घरी आल्यापासून त्या खोक्यात होत्या. त्यांच्यावर जेवायला बसवण्याच्या लायकीचा पाहुणा अजून आला नव्हता. आज येणार होता. स्वरूपानं या टेबलाशी बसावं, सहाच्या सहा सारख्या प्लेटा बघाव्यात, आणि पुण्याला फोन करून आईला सांगावं, एवढंच तुळसाबाईला पाहिजे होतं. हे तिनं मुलाला सांगितलं नव्हतं, सुनेला तर नाहीच.

आणि सून माळ्यावर चढली होती.

"आई! एवढ्या सुंदर प्लेट्स तुम्ही गोणपाटात बांधून ठेवल्या?"

रविंद्रनं आणून टाकलेल्या माशांचा रस्सा शेगडीवर ठेवून तुळसाबाई स्वयंपाकघरातून धावत आली तोवर प्रियदर्शनीनं त्या पुसून टेबलावर मांडल्यासुद्धा होत्या. प्रत्येक खुर्चीपुढं वेगळी. मधोमध तागाची उभी पट्टी, तिच्यावर स्टीलचा तांब्या, तांब्यात ज्वारीची कणसं आणि चिंचेची डहाळी. पेले सगळे निरनिराळे, एक तर टपरीवरच्या चहाचा. गेले आठ दिवस ती फोनवर अशीच टेबलं बघत होती. कुणीतरी सहज हाताला येईल ते ठेवल्यासारखं दिसावं म्हणून तिचा सकाळपासून घाम निघत होता.

"काढ त्या."

"का?"

"काढ म्हंते नव्हं."

"कारण सांगा ना. कुठल्या आहेत या?"

दोन वाक्यांत सांगून झालं असतं. पण सून सोलापूरच्या सरकारी वसाहतीत वाढलेली, बाप अधिकारी, बुद्धवंदना पाठ, इंग्रजी पाठ. तिच्यापुढं म्हणायचं, मी यात न्हाणीघरापाशी बसून जेवत होते? तुळसाबाईची जीभ उचलेना. जे खरं होतं ते गिळलं आणि जे लागेल ते बोलली.

"भिकाऱ्याची पंगत वाटतीया. ह्येला न्हाय त्येचा मेळ. तुज्या आईनं ह्येच शिकिवलं व्हय तुला?"

आता मात्र प्रियदर्शनीनं दुर्लक्ष केलं नाही. "माझ्या आईला मध्ये आणायचं नाही. आणि तुमच्या त्या पांढऱ्या प्लेट्स मेससारख्या दिसतात. माणसं गप्पा मारायला येतायत, तपासणीला नाही. बोटाची पेरं मोजून टेबल लावायला हे काय साहेबाचं घर आहे?"

सासू बंगल्यावर कामाला होती एवढं तिला माहीत होतं. त्यापुढचं माहीत नव्हतं. पण जेवढं माहीत होतं तेवढ्यानंही तिनं हे बोलायला नको होतं, आणि बोलल्यावर ते तिला कळलं. कळलं तरी तिनं माघार घेतली नाही. कणसं उगाच इकडची तिकडं केली आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेली.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू झाला तशी तुळसाबाई कामाला लागली. तिला राग आला की तिचे हात फार नीट चालायचे. ताग, तांब्या, कणसं सगळं खिडकीच्या कट्ट्यावर गेलं. कापड अंथरलं, वीत लावली, चुणी मोडली. मांडलेल्या आणि उरलेल्या मिळून आठही सुट्या प्लेटा ओट्यावर ठेवल्या. खोकं उघडून पांढऱ्या काढल्या. कडेपासून पेरभर, चमचा उजवीकडं, पेला चमच्याच्या टोकाला. सहा झाल्या. सहा सारख्या, पांढऱ्या कापडावर. ती मागं सरकली आणि बघत राहिली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्याकडंही तिनं एकदा बघितलं. ऊर भरून आला तिचा, खोटं कशाला सांगा.

प्रियदर्शनी ओले केस घेऊन बाहेर आली. तिनं टेबल बघितलं आणि तिचा चेहरा उतरला नाही, तापला. त्याच वेळी फाटकाशी गाडी थांबली. रविंद्र मासे देऊन, पाहुण्यांना रस्ता दाखवायला जो बाहेर गेला होता तो त्यांना घेऊनच आला.

"किती मांडल्यात?" ती दात आवळून बोलली.

"सा."

"आणि माणसं?"

तुळसाबाईनं मोजली. पाहुणे चार. रविंद्र. ही. सहाच तर झाली.

"सात आहोत आपण, आई. सातव्या तुम्ही."

"म्या मागनं खाईन की."

"मागून बिगून काही नाही. माझे पाहुणे बसलेत आणि माझी सासू दाराशी उभी आहे, हे माझ्या घरात चालणार नाही. सात सारख्या नाहीत घरात, म्हणून तर सगळ्या वेगळ्या काढल्या होत्या मी! तुम्हाला कुणाचं चांगलं बघवतच नाही." तिनं व्हरांड्यातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढत आणली, स्वयंपाकघराच्या बाजूला टेबलाशी आदळली, ओट्यावरची हाताला आली ती प्लेट उचलून तिच्यापुढं ठेवली आणि दार उघडायला गेली.

हाताला आली ती गुलाबाची होती.

तुळसाबाई उभ्या उभ्या बघत राहिली. सहा पांढऱ्या, आणि कोपऱ्यात स्वयंपाकघरापाशी एक सुटी. ती तिची. तिच्याच घरात, तिच्याच हातानं लावलेल्या टेबलावर. बंगल्यावर तरी बाईसाहेबांनी फळी दाखवली होती. इथं कुणी दाखवली नव्हती. माणसं मोजताना तिची तीच वगळली होती, बावीस वर्षांच्या सवयीनं. सुनेचा राग कुठल्या कुठं गेला आणि त्याच्या जागी जुना राग आला. हा नुसता तापत नाही, हा काम करतो. बाहेर चपला काढल्याचे आवाज येत होते. तिनं गुलाबाची प्लेट उचलली, खिडकीजवळच्या, मानाच्या खुर्चीपुढं ठेवली, आणि तिथली पांढरी आपल्या जागेवर आणली. पेरभर अंतर सोडून.

स्वरूपा आत आली. हनुवटी थेट बाईसाहेबांची. "नमस्कार काकू," असं म्हणून तिनं हात जोडले, छान हसली, आणि ओळखलं काही नाही.

"तुमी हितं बसा," तुळसाबाई म्हणाली. "उजेड हाय."

सगळे बसले. तुळसाबाईही बसली, आणि तिच्या मुलाला त्याचं एवढं आश्चर्य वाटलं की तो पाण्याचा जग धरून उभाच राहिला. माशांचा रस्सा वाढून झाला, भाकरी आली. मेहरीननं रश्श्याचं कौतुक केलं. तिच्या नवऱ्यानं भिगवणच्या माशांविषयी बरंच काही सांगितलं. तुळसाबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. ती स्वरूपाच्या तोंडाकडं बघत होती. सगळ्यांपुढं सारख्या आणि हिच्यापुढं एकटीच सुटी. आता कळेल. आता हे तोंड उतरेल.

"अय्या, माझीच प्लेट वेगळी!" स्वरूपा म्हणाली. "किती गोड आहे! युवराज, बघ ना." शेजारी बसलेल्या नवऱ्याला तिनं फोन दिला आणि प्लेटसकट फोटो काढून घेतला.

प्रियदर्शनीनं सासूकडं जळजळीत नजरेनं पाहिलं. तिला वाटलं, हा आपल्यावर काढलेला राग आहे, पाहुणीचा मान घालवून.

"आमच्याकडं अशा खूप होत्या," स्वरूपा सांगत होती. "पण आईला सेटचं भारी वेड. दोन फुटल्या की बाकीच्या गेल्या कामाच्या बाईला. आता लोक अशा मुद्दाम शोधून, मिक्स करून वापरतात. केवढी सुंदर भांडी गेली आमची, आठवलं की जीव हळहळतो."

तुळसाबाईला हे झेपेना. तिनं अपमान वाढून ठेवला होता आणि समोरची तो कौतुकानं खात होती. ज्याच्या वाट्याला वेगळं ताट कधी आलंच नाही, त्याला वेगळं ताट म्हणजे गंमत. तो घाव तिला कुठं लागणार? लागायला आधी जागा पाहिजे. वर हळहळ, ती कुणासाठी, तर भांड्यांसाठी.

"गेली न्हाईत, बेबीताई," ती म्हणाली.

स्वरूपाचा हात थांबला. तिला बेबीताई म्हणणारी माणसं जगात थोडीच होती, आणि ती सगळी त्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात कामाला होती.

"त्यातलीच हाय ती. अकरा वर्सं म्या त्यात जेवले. न्हाणीपाशी, खाली बसून. आपली आपण धुवून खिडकीत ठिवत हुते. बाकीच्या सात तितं ओट्यावर हायती."

"तुळसा?" लहानपणी ती अशीच हाक मारायची, आईच्या वयाच्या बाईला, नुसत्या नावानं. तसंच आता निघून गेलं. मग घाईनं म्हणाली, "तुळसाबाई... मी लहान होते हो. मला यातलं काही..."

"व्हय. ल्हान हुता. दोन येण्या घालत हुते तुमच्या."

मेहरीन खाली बघत होती. रविंद्रनं जग टेबलावर ठेवला. त्याला आई बंगल्यावर जेवायची हे माहीत होतं, कशात ते कधी विचारलं नव्हतं. प्रियदर्शनी सासूकडं बघत होती, पण आता नजर वेगळी होती. सकाळी आपण कौतुकानं पुसून काय मांडलं आणि वरून काय बोललो, ते तिला एकेक करून आठवत असावं.

स्वरूपानं प्लेट दोन बोटांनी हळूच पुढं सरकवली. "मी... मला दुसरी मिळेल का?"

तुळसाबाई उत्तर द्यायच्या आत प्रियदर्शनी उठली. पांढऱ्या प्लेटा संपल्या होत्या, पण ती काही आणायला उठलीच नव्हती. तिनं ती प्लेट उचलली, होती तिथं, स्वरूपापुढं परत ठेवली, पातेल्यातला माशाचा मोठा तुकडा काढून त्यातच वाढला, आणि तशीच उभी राहिली.

"खावा," तुळसाबाई म्हणाली. "म्या बावीस वर्सं तुमच्या घरच्या सुट्या पलेटीत खाल्लं. तुमी आजच्या दिस खावा."

स्वरूपानं युवराजकडं पाहिलं. तो आपल्या प्लेटमध्ये बघत होता. मग तिनं मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

तुळसाबाईनंही मोडला. पांढऱ्या प्लेटीतला पहिला घास तिनं सगळ्यांच्या बरोबर खाल्ला, आणि पाहुणीनं रस्सा निपटून खाईपर्यंत तिच्यावरची नजर काढली नाही.